तार तुटली नव्हती

(एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, चार-दोन ठिकाणी डागडुजी केलीय.)



मला सांगितलं गेलं, 'अमेरिकेतले काळे आणि प्रसारमाध्यमं' यावर बोल. हा विषय तासाभरात मांडतो म्हणणारा माणूस एकतर प्राध्यापक असतो नाहीतर थापाड्या. मी दोन्ही नाही. मी एकच शहर घेतो आणि त्या शहरातलं एकच टीव्ही स्टेशन.

ओकलंड आपल्याला पाठ आहे. १९६६ साली तिथं ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं. हार्लेम, शिकागो, डेट्रॉइट ही नावंही कानावरून गेलेली असतात. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन मात्र कुणाच्या तोंडी नाही. कारण जॅक्सनच्या या गोष्टीत काळ्या जाकिटातली, बंदूक घेतलेली पोरं नाहीत. एक औषधाचा दुकानदार आहे, एक किराणा दुकान चालवणारा पाद्री आहे, आणि नाव लपवून वहीत टिपणं काढणारी काही माणसं आहेत. पोस्टरवर छापावं असं यांच्यात काही नाही. म्हणून तर सांगतोय.

जॅक्सन म्हणजे कापसाच्या मुलखातलं शहर. १९५३ च्या डिसेंबरात तिथं डब्ल्यू.एल.बी.टी. नावाचं स्टेशन सुरू झालं. चॅनल ३. मालक एक विमा कंपनी, लामार लाइफ. राष्ट्रीय बातम्या आणि मोठे कार्यक्रम एन.बी.सी. या जाळ्यावरून यायचे, बाकी गावच्या बातम्या, गावची भाषणं, गावचे पाद्री हे सगळं स्टेशनचं स्वतःचं. त्या स्टेशनच्या टप्प्यात राहणाऱ्या शंभर माणसांतली सुमारे ४५ काळी होती. आकडा नीट ध्यानात घ्या. मूठभर नव्हेत, जवळजवळ निम्मी वस्ती.

आता १९५५ साल. आदल्या वर्षी सुप्रीम कोर्टानं शाळांतली वर्णभेदाची वेगळी व्यवस्था बेकायदा ठरवलेली. तो खटला लढवणारा काळा वकील थरगुड मार्शल. एन.बी.सी.वर वंशसंबंधांवरचा कार्यक्रम लागला आणि मार्शल पडद्यावर आला. साऱ्या देशात दिसला. जॅक्सनमध्ये पडदा कोरा झाला आणि एक पाटी आली : माफ करा, केबलमध्ये बिघाड.

बिघाडबिघाड काही नव्हता. तार शाबूत होती. स्टेशनवाल्यांनीच बटण दाबलं होतं.

मला ही पाटी फार शिकवून गेली. कुणी शिवी दिली तर आपण उलटून देतो. कुणी काठी उचलली तर आपणही काहीतरी उचलतो. पण 'माफ करा' म्हणून सभ्यपणे पडदा कोरा करणाऱ्याला काय करणार? अर्धी वस्ती घरात बसून समजतेय, तार तुटली असेल. आपला माणूस बोलत होता आणि आपल्यालाच ऐकू दिला नाही, हे कळायलासुद्धा कुठून तरी बाहेरून खबर यावी लागते.

स्टेशनचा जनरल मॅनेजर फ्रेड बियर्ड हा सिटिझन्स कौन्सिलचा सभासद. ही कौन्सिल म्हणजे काय? कोर्टाच्या त्या निकालानंतर १९५४ सालीच मिसिसिपीत ती निघाली. बँकवाले, वकील, व्यापारी, जमीनदार असली इस्त्रीची माणसं. कु क्लक्स क्लॅनसारखी चादर पांघरून यायची नाहीत. कोऱ्या शर्टात येऊन नोकरी घालवायची, कर्ज बंद करायची, दुकानाचा माल तोडायची. या कौन्सिलचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम होता आणि तो चॅनल ३ वर दिसायचा. त्याच्या वेळेला तार कधी तुटली नाही.

बातम्यांची भाषा बघा. गोऱ्याला मिस्टर, गोरीला मिसेस. काळी बाई सत्तर वर्षांची असो, शिक्षिका असो, तिला नुसतं नावानं पुकारायचं. आपल्या आज्यांना पाटलाचं कालचं शेंबडं पोर कसं पुकारायचं ते आठवा, म्हणजे मला पुढं बोलायला नको.

आता कायदा काय म्हणत होता? कायदा अगदी गोंडस. हवेतल्या लहरी जनतेच्या. स्टेशनवाला मालक नाही, त्याला सरकारी परवाना. तोही तेव्हा तीनच वर्षांचा, मग नूतनीकरण. परवाना देणारं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफ.सी.सी. १९४९ पासून नियम असा की वादाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू दाखवल्या पाहिजेत. काळ्यांनी तक्रारी केल्या. १९५५ ची केली, १९५७ ची केली : वर्णभेद टिकवा म्हणणारा कार्यक्रम दाखवला आणि आम्हाला उत्तराला वेळ नाकारला. कमिशननं कागद चाळले आणि १९५९ साली परवाना नवा करून दिला. म्हणे, हे तुरळक प्रसंग आहेत.

पुढं १९६२ साली रॉबर्ट एल. टी. स्मिथ हा माणूस काँग्रेसच्या निवडणुकीला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उभा राहिला. हाच तो किराणा दुकानवाला पाद्री. भीक मागायला तो गेला नव्हता, रोख पैसे मोजून प्रचारासाठी टीव्हीवर वेळ विकत मागत होता. स्टेशन नाही म्हणालं. पैसा खरा, पण देणारा हात काळा. (१९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला पुण्याच्या 'केसरी'नं नकार दिला होता. व्यापारी माणूस पैशाला जात पाहत नाही म्हणतात, ते खोटं आहे.) वरून दट्ट्या आला तेव्हा कुठं स्मिथचा चेहरा पडद्यावर दिसला. निवडणूक तो हरला. ती जिंकायला तो उभाच नव्हता.

आता मेडगर एव्हर्स. याच्याजवळ मला जरा थांबायचंय.

१९२५ चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आलेला. १९५४ साली मिसिसिपी विद्यापीठात कायदा शिकायला अर्ज केला, नाकारला गेला. त्याच वर्षी एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचा मिसिसिपीतला पहिला पूर्णवेळ फील्ड सेक्रेटरी झाला. ऑफिस लिंच स्ट्रीटवर. नाव ऐकून अंगावर काटा येतो ना? पण तो रस्ता जॉन आर. लिंच या काळ्या खासदाराच्या नावाचा. गुलामी संपल्यावर थोडी वर्षं काळे निवडून जात होते, त्या काळातला.

१९६३ च्या मे महिन्यात जॅक्सनचा महापौर ॲलन थॉम्सन टीव्हीवर आला. आपल्या शहरात काळे किती सुखात आहेत आणि गडबड करणारे बाहेरचे कसे आहेत, हे त्यानं सांगितलं. हे रेकॉर्ड जगात सगळीकडे एकच वाजतं. एव्हर्सनं उत्तराला तेवढाच वेळ मागितला. एफ.सी.सी.ची नजर तोवर स्टेशनवर बसली होती, कारण १९६२ च्या सप्टेंबरात जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून विद्यापीठात दंगल झाली, दोन माणसं मेली, आणि त्या सगळ्या काळात हे स्टेशन गव्हर्नरची तळी उचलत होतं. म्हणून परवान्याच्या भीतीनं एव्हर्सला वेळ मिळाला. २० मे १९६३. सतरा मिनिटं.

त्या सतरा मिनिटांत तो काय बोलला? शिव्या नाहीत, आरोळ्या नाहीत. तो म्हणाला, मी इथलाच, मिसिसिपीचाच. बागा, वाचनालयं, खानावळींची टेबलं, मतदान, पोलिसांतली नोकरी, शाळेपुढं मुलांना रस्ता ओलांडून देण्याची नोकरी, असं एकेक करत मागत गेला. आणि एक गोष्ट अशी बोलला की जी मी वाचली तेव्हा वही मिटून बसलो. त्याचं म्हणणं असं : आजचा काळा माणूस टीव्ही बघतो. दुपारी तीनला पोलिसांचा कुत्रा चावतो, त्याचं चित्र तो संध्याकाळी सहाच्या बातम्यांत बघतो. आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश त्याला ठाऊक झालेत. काँगोतला माणूस आगगाडीचं इंजिन चालवू शकतो हे त्याला माहीत आहे, आणि जॅक्सनमध्ये आपल्याला कचऱ्याची गाडीसुद्धा चालवू देत नाहीत हेही माहीत आहे.

त्या काळात जॅक्सनच्या काळ्या माणसाला कचऱ्याच्या गाडीचं चाक मिळत नव्हतं! आम्हाला कचरा फुकट दिला होता. त्यांना गाडी नाकारली होती. दोन्हीकडे चाक दुसऱ्याच्याच हातात.

ज्याचं नाव गोऱ्यांनी नुसतं ऐकलं होतं, त्याचा चेहरा आता त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन आला. शांत, टाय लावलेला, मुद्द्याला मुद्दा जोडणारा. असला काळा माणूस त्या पडद्यावर त्यांनी पाहिला नव्हता. आठवड्यानंतर, २८ मेला, टूगालू कॉलेजची पोरं आणि त्यांचे मास्तर कॅपिटल स्ट्रीटवरच्या वूलवर्थच्या खानावळीत बसले, तेव्हा त्यांच्या डोक्यांवर साखर, केचप, मोहरीची चटणी ओतली गेली. त्याच सुमारास एव्हर्सच्या घरावर पेटती बाटली पडली. घराला पुढून दारच ठेवलं नव्हतं. गाडी लावायच्या आडोशातून आत जायचं. गोळीचा आवाज आला की जमिनीवर पालथं पडायचं, हे बापानं लेकरांना शिकवून ठेवलं होतं.

११ जूनच्या रात्री अध्यक्ष केनेडी टीव्हीवर नागरी हक्कांवर बोलला. एव्हर्सची बायको मर्ली आणि पोरं ते बघून बापाची वाट बघत जागी होती. मध्यरात्र उलटल्यावर तो आला. गाडीतून उतरला आणि पाठीत गोळी बसली. त्या सतरा मिनिटांपासून २३ दिवस झाले होते. टीव्हीमुळे मारला असं मी म्हणत नाही, त्याच्या जिवावर टपलेले आधीपासून होते. पण चेहरा दाखवण्याची किंमत काय असते ते तारखा सांगतात.

मारणारा बायरन डी ला बेकविथ. सिटिझन्स कौन्सिलचाच. १९६४ मध्ये दोनदा खटला, दोन्हीदा ज्युरीत सगळे गोरे पुरुष, दोन्हीदा निकाल नाही. माजी गव्हर्नर रॉस बार्नेट भर कोर्टात येऊन त्याच्याशी हात मिळवून गेला. शिक्षा लागली ती १९९४ च्या फेब्रुवारीत. या खुनाच्या शिक्षेविना तीस वर्षं गेली.

आता वहीवाल्यांकडे येऊ. न्यूयॉर्कचा एव्हरेट पार्कर नावाचा गोरा पाद्री, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या प्रसारण खात्याचा प्रमुख. यानं ओळखलं की भावनेवर एफ.सी.सी. हलत नाही. कागद पाहिजे. १९६४ च्या मार्चमधले पहिले सात दिवस निवडले. जॅक्सनमधल्याच काही गोऱ्या लोकांना गुपचूप शिकवून तयार केलं. त्यांनी स्टेशन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत टीव्हीपुढं बसायचं आणि लिहायचं. कोण दिसलं, किती मिनिटं, कोणत्या शब्दात. काळा माणूस आला का? आला तर गुन्हेगार म्हणून की माणूस म्हणून? वंशाच्या प्रश्नावर कोण बोललं? त्यांची नावं गुप्त ठेवावी लागली. टीव्ही बघितला एवढ्यावरून जीव जाऊ शकत होता त्या गावात.

(मधल्या मधे एक गंमत. त्याच १९६४ च्या सुरुवातीला 'बोनान्झा' या एन.बी.सी.च्या लाडक्या मालिकेतले नट जॅक्सनमध्ये कार्यक्रमाला यायचे होते. प्रेक्षकांत काळे-गोरे वेगळे बसवणार हे कळल्यावर ते आलेच नाहीत. तर महापौर थॉम्सन लोकांना म्हणाला, ती मालिका बघू नका! आम्ही बहिष्कृत, आणि बहिष्कार टाकणार हे.)

ती टिपणं घेऊन आरन हेन्री, स्मिथ आणि पार्करचं चर्च एफ.सी.सी.पुढं गेले. हेन्री हा आपला औषधवाला. क्लार्क्सडेल गावातलं त्याचं दुकान, आणि एन.ए.ए.सी.पी.चा तो राज्याचा अध्यक्ष. त्यांनी मागणी केली, या स्टेशनचा परवाना नवा करू नका. कमिशन म्हणालं, तुम्ही कोण? तेव्हाचा रिवाज असा होता की परवान्याला आडवं यायचा हक्क दोघांनाच. ज्याच्या लहरींत अडथळा येतो तो, आणि ज्याच्या धंद्याला खोट बसते तो. जो रोज बघतो, ज्याच्या तोंडाला पडद्यावर पट्टी बांधली जाते, त्याचा काही संबंधच नाही! १९६५ मध्ये कमिशननं स्टेशनला एक वर्षाचा परवाना देऊन 'सुधारा' म्हणून सांगितलं. सुनावणीही घेतली नाही.

ते अपील कोर्टात गेले. १९६६ साली निकाल आला आणि त्यानं अमेरिकेतली प्रसारणाची व्यवस्था हलवली : प्रेक्षकालाही कोर्टात उभं राहायचा हक्क आहे. निकाल लिहिणारा न्यायाधीश वॉरन बर्गर. डावाबिवा काही नाही, पक्का जुन्या वळणाचा. पुढं निक्सननं त्यालाच सरन्यायाधीश केलं. तरी कमिशनची खोड जाईना. जॅक्सनला सुनावणी घेतली आणि १९६८ साली पुन्हा तीन वर्षांचा परवाना देऊन मोकळे. तक्रार करणाऱ्यांनीच सगळं सिद्ध करावं म्हणे. १९६९ च्या जूनमध्ये, सरन्यायाधीशाच्या खुर्चीत बसायच्या तीन दिवस आधी, बर्गरनं तो परवानाच रद्द केला. आपणहून मदतीला आलेल्या लोकांना कमिशननं शत्रूसारखं वागवलं, असं त्यानं झाडलं.

१९५५ ते १९६९. एका पाटीला उत्तर द्यायला चौदा वर्षं.

१९७१ मध्ये काळे-गोरे मिळून असलेल्या एका ना-नफा मंडळानं स्टेशन हातात घेतलं. १९७२ मध्ये विल्यम डिलडे हा काळा माणूस बोस्टनहून जनरल मॅनेजर म्हणून आला. बियर्डच्या खुर्चीत! आपल्या मुंबईत टीव्ही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला सुरू झाला. डिलडेनं काळे बातमीदार घेतले, कॅमेरामन घेतले. १९७६ सालच्या कामासाठी मिसिसिपीतल्या सत्तेच्या राजकारणावरच्या कार्यक्रमाला पीबडी हा मानाचा पुरस्कार मिळाला. पुढं कायम परवाना ज्या कंपनीला मिळाला तिचा अध्यक्ष आरन हेन्री. इथं टाळ्या वाजवायच्या आणि चहा मागवायचा, असं तुम्हाला वाटत असेल.

थांबा. चहा उशिरा येणार आहे.

१९८० नंतर स्टेशनचा मुख्य कार्यकारी म्हणून फ्रँक मेल्टन आला. काळाच. हुशार, दिलदार, गरीब पोरांना स्वतःच्या घरात ठेवून घेणारा. लोक त्याच्यावर जीव टाकायचे हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. तो 'द बॉटम लाइन' नावाचं संपादकीय स्वतः पडद्यावर येऊन बोलायचा. त्यात शहरातल्या पुढाऱ्यांना झोडायचा, आणि ड्रग्ज विकतात म्हणून माणसांची नावं घ्यायचा. कोर्ट नाही, खटला नाही, नाव आणि पडदा. आणि जॅक्सनसारख्या शहरात ती नावं कुठल्या वस्तीतली असणार हे मी वेगळं सांगायला नको. ज्या चॅनलनं एकेकाळी काळा माणूस दाखवलाच नाही, तेच चॅनल आता त्याच्याकडे बोट करून दाखवत होतं. बोट मात्र आपलंच.

पडद्यावरच्या चेहऱ्याला मतं मिळतात. १९९७ साली जॅक्सनला हार्वी जॉन्सन हा पहिला काळा महापौर मिळाला होता. शांत, फायलीतला माणूस. २००५ मध्ये मेल्टननं त्याला पाडलं आणि स्वतः महापौर झाला. मग कमरेला पिस्तूल, अंगात गोळी अडवणारं जाकीट, पोलिसांबरोबर रात्रीच्या फेऱ्या. कॅमेरे मागं होतेच. २००६ च्या ऑगस्टमध्ये रिजवे स्ट्रीटवरचं एक भाड्याचं घर हा ड्रग्जचा अड्डा आहे म्हणून हा महापौर पोलीस आणि घण घेतलेली पोरं घेऊन गेला आणि घर फोडलं. वॉरंट नव्हतं. २००७ मध्ये राज्याच्या ज्युरीनं सोडलं. २००९ मध्ये केंद्राच्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. मे २००९ मध्ये तो प्राथमिक फेरीत हरला आणि दोन दिवसांनी वारला. त्या घराचा भाडेकरू काळाच होता.

आमच्यातले काहीजण मला म्हणाले, हा मेल्टनचा भाग गाळ. आपल्या पोरांपुढं आपल्यासारख्याचं उणं कशाला? मी म्हणालो, बियर्डचं सांगायचं आणि मेल्टनचं झाकायचं, तर मीही एक पाटीच लावतोय. माफ करा, केबलमध्ये बिघाड.

आणि तिकडचा कायदाही राहिला नाही तसा. दोन्ही बाजू दाखवायचा नियम एफ.सी.सी.नं १९८७ मध्ये काढून टाकला. तीन वर्षांचा परवाना पाचचा झाला, १९९६ पासून आठचा. म्हणजे हेन्री-स्मिथसारख्यांना दर तीन वर्षांनी दार ठोठावता येत होतं, त्यांच्या नातवंडांना आठ वर्षं थांबावं लागतं. चॅनल ३ सुद्धा हात बदलत बदलत २०१९ साली ग्रे टेलिव्हिजन या मोठ्या साखळी कंपनीत गेलं. एव्हर्सचं ते पुढून दार नसलेलं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. विमानतळालाही त्याचं नाव दिलंय. स्मारकं करायला कुणाला काही पडत नाही.

पार्कर २०१५ मध्ये वारला, १०२ वर्षांचा होऊन. त्या सात दिवसांच्या वहीवाल्यांतला एकही चेहरा मला दाखवता येत नाही.

आता कामाचं. तुमच्या प्रत्येकाच्या घरी टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. येत्या सोमवारपासून रविवारपर्यंत एकेकानं एकेक मराठी बातम्यांचं चॅनल वाटून घ्यायचं. संध्याकाळचे तीन तास. आपला माणूस आला का, किती मिनिटं, कोणत्या शब्दात, बोलला की नुसता दाखवला. आपल्यातला कुणी अँकर असेल, पुढारी असेल, तर त्याचंही तेवढंच लिहायचं, हात आखडायचा नाही. आपलं मत लिहायचं नाही. घड्याळात बघून वेळ लिहायची. वह्या मी आणल्यात, पन्नास पानी, दाराशी ठेवल्यात. जाताना एकेक उचला, आणि कुणी कोणतं चॅनल घेतलं ते त्या कागदावर लिहून जा.